बाळाला कपडे किती घालावेत?



घरात तान्हे बाळ आले की एक वाद हमखास सुरू होतो. आजी म्हणते, "डोक्याला वारं लागेल गं, कुंची घाल त्याला." ताई म्हणते, "आजी, बघ ना, मानेला घाम फुटलाय त्याच्या. आधीच दोन कपडे आहेत अंगात." तेवढ्यात शेजारच्या काकू येतात आणि विणलेला लोकरी स्वेटर पुढे करतात. त्यांचा मान राखायला तोही चढवला जातो. शेवटी बाळाच्या अंगावर झबले, झबल्यावर स्वेटर, डोक्याला टोपडे, टोपड्यावर कुंची आणि या सगळ्यावर घट्ट गुंडाळलेले दुपटे असते. बाळ लालबुंद होऊन रडत असते आणि त्याला भूक लागली असेल असे सर्वांना वाटते.

आजीचे खरे की ताईचे? हा प्रश्न कोणाच्या वयावर किंवा शिक्षणावर सोडवता येत नाही. तो बाळाच्या शरीरालाच विचारावा लागतो. त्यासाठी लागणारे शास्त्र तुम्ही शाळेत शिकलेले आहात. उष्णतेच्या धड्यातील वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन या चार गोष्टी आणि गणितातील पृष्ठफळ व घनफळ, एवढी शिदोरी पुरेशी आहे.

लहान भांडे लवकर निवते

मोठ्या पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो, पण त्यातलाच बशीत ओतलेला चहा घोटभर घेईपर्यंत कोमट होतो. असे का होते? उष्णता साठते ती पदार्थाच्या वस्तुमानात, म्हणजे साधारणपणे घनफळाच्या प्रमाणात. बाहेर जाते ती मात्र पृष्ठभागातून. म्हणून घनफळाच्या मानाने पृष्ठभाग जितका जास्त, तितकी वस्तू लवकर निवते.

एक सोपे गणित करू. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी आणि घनफळ १ घन सेंमी. दोहोंचे गुणोत्तर ६ आले. आता बाजू २ सेंमी करा. पृष्ठफळ २४, घनफळ ८, गुणोत्तर ३. बाजू ३ सेंमी केली तर पृष्ठफळ ५४, घनफळ २७, गुणोत्तर २. आकार तोच, पण वस्तू लहान होत गेली तसा प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग वाढत गेला.

हेच गणित बाळाला लावू. ६० किलोग्रॅम वजनाच्या मोठ्या माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर असते. ३ किलोग्रॅम वजनाच्या नवजात बाळाचे सुमारे ०.२ चौरस मीटर असते. दर किलोग्रॅममागे हिशेब केला, तर मोठ्या माणसाला सुमारे ०.०२८ आणि बाळाला सुमारे ०.०७ चौरस मीटर त्वचा येते. म्हणजे वजनाच्या मानाने बाळाची उष्णता बाहेर सोडणारी 'खिडकी' आपल्यापेक्षा सुमारे अडीच पट मोठी आहे. त्यातच बाळाच्या त्वचेखालचा चरबीचा थर पातळ असतो, म्हणून ही खिडकी मोठी आहे आणि तिला जाड पडदाही नाही.

आणखी एक गोष्ट आरशात पाहून ताडून बघा. तुमचे डोके तुमच्या उंचीच्या मानाने लहान आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, आणि त्याच्या एकूण त्वचेपैकी सुमारे पाचवा हिस्सा डोक्यावर व चेहऱ्यावर असतो. आजीच्या कुंचीमागचे शास्त्र हे आहे. बाळाच्या डोक्यात 'वारे शिरत' नाही, पण उघड्या डोक्यातून उष्णता मात्र भराभर बाहेर जाते. आजीचे कारण चुकले असले, तरी थंडीपुरता तिचा उपाय बरोबर आहे.

उष्णता जाण्याच्या चार वाटा

बाळाची उष्णता चार वाटांनी जाते. थंड फरशीवर, वजनाच्या काट्याच्या उघड्या तबकात किंवा गार हातांत बाळ ठेवले की ती वहनाने जाते. पंख्याचा किंवा एसटीच्या उघड्या खिडकीचा वारा लागला की अंगालगतची ऊबदार हवा निघून जाते आणि तिची जागा गार हवा घेते. हे अभिसरण झाले. तिसरी वाट प्रारणाची. खोलीतली हवा उबदार असूनही शेजारची दगडी भिंत किंवा खिडकीची काच थंडगार असेल, तर बाळाची उष्णता स्पर्शावाचून त्या भिंतीकडे जाते. म्हणून थंडीत पाळणा बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला लागून टांगू नये.

चौथी वाट सर्वांत धोक्याची, ती बाष्पीभवनाची. जन्मताच बाळ ओलेचिंब असते. त्वचेच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा, बाळाच्या अंगावरचे केवळ १० ग्रॅम पाणी, म्हणजे दोन चमचे, सुकले. त्याला ५,८०० कॅलरी लागल्या. शरीराचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.८३ धरला, तर ३ किलोग्रॅमच्या बाळाचे तापमान १ अंशाने उतरण्यास सुमारे २,५०० कॅलरी जाव्या लागतात. ही सगळी उष्णता बाळाच्या शरीरातूनच गेली आणि तिची भरपाई झाली नाही, तर तापमान दोन अंशांहून अधिक उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते आणि काही बाळ स्वतः निर्माण करते. तरीही, न पुसता उघडे ठेवलेल्या नवजात बाळाचे तापमान पहिल्या १० ते २० मिनिटांत २ ते ४ अंश सेल्सिअसने उतरू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच संघटनेच्या १९९७ सालच्या पुस्तिकेत एक तुलना दिलेली आहे. २३ अंश तापमानाच्या खोलीत नुकत्याच जन्मलेल्या उघड्या बाळाची जेवढी उष्णता जाते, तेवढी मोठ्या माणसाची ० अंशाला उघडे उभे राहिल्यावर जाते. आपल्याला २३ अंश म्हणजे सुखद हवा वाटते हे लक्षात घ्या.

म्हणूनच जन्मलेल्या बाळाला प्रथम कोरडे पुसतात, ओले झालेले कापड लगेच बाजूला टाकतात आणि त्याला आईच्या अंगाशी ठेवतात. पहिली आंघोळही किमान २४ तास पुढे ढकलावी, असा आताचा सल्ला आहे.

कुडकुडल्यावाचून पेटणारी शेगडी

थंडी वाजली की आपण कुडकुडतो. स्नायू भराभर आकुंचन पावतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. शिवाय आपण उठून घोंगडी घेऊ शकतो, हात चोळू शकतो, शेकोटीजवळ जाऊ शकतो. तान्ह्या बाळाला यांतले काहीच करता येत नाही. त्याला नीट कुडकुडताही येत नाही. मग निसर्गाने त्याची काहीच सोय केली नाही काय?

केली आहे. नवजात बाळाच्या दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांभोवती एक विशेष प्रकारची चरबी असते. तिला तपकिरी मेद म्हणतात. तिच्या पेशींत तंतुकणिका दाटीने भरलेल्या असतात, आणि त्यांतील लोहयुक्त द्रव्यांमुळे तिला तपकिरी रंग येतो. एरवी पेशी अन्नाच्या ज्वलनातून मिळणारी ऊर्जा पुढच्या कामासाठी रासायनिक रूपात साठवतात. तपकिरी मेदात मात्र तसे न होता ती ऊर्जा थेट उष्णता होऊन बाहेर पडते. दाणे घालून जाते फिरवले तर पीठ मिळते. रिकामेच फिरवले तर पीठ मिळत नाही, नुसते दगड तापतात. तपकिरी मेद हे असे मुद्दाम रिकामे फिरणारे जाते आहे.

परंतु ही शेगडी फुकट चालत नाही. तिला इंधन आणि प्राणवायू लागतो. बाळाला मिळणारे दूध ही त्याची मिळकत समजा. त्या मिळकतीतून श्वास, हृदय, मेंदू यांचा खर्च भागवायचा, वजन वाढवायचे आणि उष्णताही निर्माण करायची. उष्णतेवरच जास्त खर्च झाला, तर वाढीसाठी शिल्लक राहत नाही. बाळ पुष्कळ वेळ गारठले, तर त्याच्या रक्तातील साखर कमी होते, ते मलूल होते, दूध ओढेनासे होते. दूध कमी गेले की इंधन कमी पडते आणि ते आणखी गारठते. हे दुष्टचक्र वेळीच तोडले नाही तर जिवावर बेतते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची स्थिती आणखी नाजूक असते. तपकिरी मेद मुख्यतः गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत साठतो. ते महिने पोटात न काढताच जे बाळ बाहेर आले, त्याची शेगडी जवळजवळ रिकामी असते.

तीन अंशांचा फरक

फ्रान्समधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये अशक्त बाळांसाठी उबेच्या पेट्या वापरण्यास सुरुवात केली. कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. पुढे अशा पेट्या अनेक देशांत पसरल्या. पण पेटी नेमकी किती उबदार ठेवावी याविषयी डॉक्टरांत मतभेद होते.

१९५८ साली न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपुऱ्या दिवसांच्या १८२ बाळांपैकी काहींना सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या पेटीत आणि काहींना सुमारे ३२ अंशांच्या पेटीत ठेवले होते. कोणते बाळ कोठे जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्या तसे ठरवले होते. कमी उबेच्या पेटीतील शंभरांपैकी सुमारे ६८ बाळे जगली, जास्त उबेच्या पेटीतील सुमारे ८४. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, केवळ तीन अंशांचा फरक! बाळाची ऊब हा नुसता लाडाकोडाचा विषय नाही, हे या प्रयोगाने आकड्यांनी दाखवून दिले.

कापड ऊब देत नाही

स्वेटर 'गरम' असतो असे आपण म्हणतो. टेबलावर ठेवलेल्या स्वेटरमध्ये थर्मामीटर गुंडाळून पाहा. पारा खोलीच्या तापमानाच्या वर जाणार नाही. कापड उष्णता निर्माण करीत नाही, ते शरीरातून निघालेली उष्णता अडवते. ती अडवण्याचे खरे काम धाग्यांपेक्षा धाग्यांत अडकलेली हवा करते. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा वीस पटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेते.

यावरून तीन व्यवहारी नियम निघतात.

पहिला, एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. दोहोंच्या मध्ये हवेचा एक जादा थर मिळतो, आणि ऊन चढले की एक काढता येतो. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेली गोधडी उबदार लागते ती याचमुळे.

दुसरा, कपडा कोरडा हवा. लंगोट ओला झाला की धाग्यांतील हवेची जागा पाणी घेते. वहन वाढते आणि वर बाष्पीभवनही सुरू होते. ओल्या कपड्यात गुंडाळलेले बाळ कित्येकदा उघड्या बाळापेक्षाही लवकर गारठते.

तिसरा, कपडा सैल हवा. करकचून गुंडाळले तर हवेचे थर दाबले जातात. शिवाय पाय सरळ ताणून बांधल्याने खुब्याच्या सांध्यावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. दुपट्यात बाळाला पाय दुमडता व फाकवता आले पाहिजेत. अंगालगत मऊ, घाम टिपणारे सुती कापड असावे आणि लोकर त्याच्या वर, म्हणजे ती टोचत नाही.

ऋतूप्रमाणे

नवजात बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ नियम असा आहे: मोठ्या माणसाला त्या हवेत जितके कपडे लागतात, त्यापेक्षा बाळाला एक ते दोन थर जास्त घालावेत आणि डोके झाकावे. मात्र नियम पाठ करण्यापेक्षा त्याचे कारण ध्यानात ठेवा. बाळाची उष्णता आपल्यापेक्षा लवकर जाते म्हणून जादा थर. जेव्हा बाहेरची हवाच अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा उष्णता जाण्याची भीती उरत नाही आणि जादा थराचे कारणही उरत नाही.

थंडी: नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत कित्येकदा पहाटे तापमान १० अंशांच्या खाली उतरते आणि दुपारी चांगले ऊन असते. तेथे एकाच दिवसात दोन ऋतू होतात. पहाटे सुती झबले, त्यावर लोकरी अंगडे, टोपडे, पायमोजे आणि दुपटे हवे. दुपारी त्यातले दोन थर उतरले पाहिजेत. सकाळी घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत तसेच ठेवणे ही नेहमी घडणारी चूक आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या बंद करण्याची पद्धत मात्र सोडूनच द्यावी. धूर बाळाच्या फुप्फुसांना घातक आहे आणि कोंडलेल्या खोलीत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू माय-लेकरे दोघांचाही जीव घेऊ शकतो. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंगाला लावू नये, त्वचा भाजते.

पावसाळा: कोकणात आणि घाटमाथ्यावर प्रश्न थंडीपेक्षा ओलाव्याचा असतो. लंगोट वाळत नाहीत आणि दमट कपडाच बाळाला घातला जातो. हाताला गार लागणारा कपडा ओलाच समजावा. थोडे कपडे जास्त शिवून ठेवणे आणि ते इस्त्रीने पूर्ण कोरडे करणे हा साधा उपाय आहे.

उन्हाळा: विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्वचेचे तापमान सुमारे ३४-३५ अंश असते. हवा त्याहून तापली की वहन, अभिसरण व प्रारण या तिन्ही वाटा उलट्या फिरतात, उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. घाम सुकणे ही एकच वाट उरते, आणि बाळाची घाम येण्याची क्षमता आपल्यापेक्षा कमी असते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तर आलेला घामही सुकत नाही. अशा वेळी एक पातळ, सैल, बिनबाह्यांचे सुती झबले आणि लंगोट एवढे पुरते. बारशाला एप्रिलच्या दुपारी जरीची कुंची घालून बाळ मिरवू नये. फोटोपुरती घातली तर लगेच काढावी. झोपलेल्या बाळाला अति ऊब होणे हे थंडीइतकेच घातक आहे. तान्ह्या बाळाच्या झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांचा शोध घेताना अति उबेचा धोका संशोधकांना आढळलेला आहे. तोंडावर येईल अशी सैल गोधडी, उशी किंवा गळ्याशी घट्ट बांधलेली कुंचीची नाडी तर कोणत्याच ऋतूत नको.

उन्हाळ्यात बाळाला पाणी पाजावे का, हा प्रश्न घरोघरी निघतो. पहिले सहा महिने त्याची गरज नसते. आईच्या दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असते. बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर घ्यावे, आणि पाणी आईने भरपूर प्यावे.

हाताच्या पाठीला विचारा

आता मूळ वादाकडे येऊ. बाळाला थंडी वाजते की उकडते हे कसे ओळखायचे? स्वच्छ, कोरड्या आणि थंड नसलेल्या हाताची पाठ प्रथम बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा.

पोट आणि पाय दोन्ही उबदार असतील तर बाळ सुखात आहे.

पोट उबदार पण पाय गार असतील, तर बाळ थंडीशी झगडत आहे. शरीर हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि ऊब हृदय-मेंदूसाठी राखून ठेवते, म्हणून पाय आधी गार पडतात. एक थर वाढवा, किंवा त्याहून चांगले म्हणजे बाळाला आईच्या कुशीत द्या.

पोट आणि पाय दोन्ही गार असतील, तर बाळ धोक्यात आहे. लगेच आईच्या अंगाशी उघडे धरून वरून पांघरूण घाला आणि तसेच दवाखान्यात न्या.

उकडत असेल तर मान व पाठ ओलसर लागते, चेहरा लाल होतो, हातपायही गरम लागतात, श्वास भराभर चालतो आणि बाळ किरकिरते. प्रथम थर कमी करा आणि खेळत्या हवेत न्या.

खात्रीसाठी काखेत थर्मामीटर लावा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे योग्य तापमान. ३६.५ च्या खाली बाळ गारठू लागले असे समजावे, आणि ३६ च्या खाली उतरले तर विलंब करू नये. ३७.५ च्या वर असेल, तर कपडे कमी करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. तरीही उतरले नाही, तर तो कपड्यांचा ताप नव्हे, आजाराचा ताप असू शकतो. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ताप चढण्याऐवजी अंग गारही पडू शकते, म्हणून 'ताप नाही ना' एवढ्यावर समाधान मानू नये. बाळ दूध पिईनासे झाले किंवा मलूल पडले तर डॉक्टरांकडे न्यावे.

सर्वांत चांगले पांघरूण

कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्यापुढे मोठी अडचण होती. कमी वजनाची बाळे पुष्कळ आणि उबेच्या पेट्या थोड्या. त्यांनी बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूची मादी पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवते, त्यावरून तिला 'कांगारू माता पद्धती' हे नाव पडले. आईची त्वचा ही सुमारे अंगाच्याच तापमानाची, न विझणारी आणि वीज न लागणारी शेगडी आहे. या पद्धतीत वहन उलट्या दिशेने, बाळाच्या फायद्याचे होते. वडील किंवा आजीही बाळाला असे घेऊ शकतात. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत दिवसाचे ८ ते २४ तास वापरण्याची शिफारस करते.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे तापमान मोजणे व त्याला उबदार ठेवणे हा त्या शिक्षणाचा एक भाग होता. जंतुसंसर्ग ओळखून त्यावर औषध देणे हा दुसरा महत्त्वाचा भाग. ३९ गावांतील या कामाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण दर हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले होते. पुढे २०११ पासून हीच कल्पना भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. तुमच्या गावातील आशाताई बाळंतिणीच्या घरी थर्मामीटर घेऊन का येतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

तर मग आजीचे खरे की ताईचे? पहाटे पाच वाजता आजीचे, दुपारी दोन वाजता ताईचे. आणि काकूंचा स्वेटर? तो घडी करून पाळण्याजवळ ठेवावा. पाय गार लागले की घालावा, मान ओली लागली की काढावा.

करून पाहा

१. एकसारख्या तीन लहान बाटल्या घ्या. पहिली उघडी ठेवा, दुसरीला कोरडे सुती फडके गुंडाळा, तिसरीला तसलेच फडके ओले पिळून गुंडाळा. तिन्हींत सुमारे ६० अंशांचे सारखे पाणी भरा आणि दर ५ मिनिटांनी अर्धा तास तापमान नोंदवा. आलेख काढा. कोणता आलेख सर्वांत लवकर उतरला? (गरम पाणी शिक्षकांनी किंवा घरातील मोठ्यांनी ओतावे.)

२. वाटी आणि पातेले यांत एकाच तापमानाचे पाणी भरून वरीलप्रमाणे नोंदी घ्या. दोन्हींचे पृष्ठफळ व घनफळ अदमासे काढून गुणोत्तरांची तुलना करा.

विचार करा

१. हत्तीच्या पिलापेक्षा उंदराच्या पिलाला घरट्याची गरज जास्त का?

२. ४४ अंश तापमानात पंख्याचा वारा बाळाला थंड करील की तापवील? बाळाचे अंग ओलसर कापडाने पुसले असेल तर उत्तर बदलेल काय?

३. तुमच्या घरी किंवा शेजारी तान्हे बाळ असेल, तर त्याच्या आईला विचारून, हात धुऊन, दिवसातून तीन वेळा त्याचे पोट व पाय हाताच्या पाठीने तपासा. खोलीचे तापमान व अंगावरील कपड्यांचे थर यांची आठवडाभर नोंद ठेवा. तुमच्या गावच्या हवेत बाळाला किती कपडे लागतात, हे ती वही तुम्हाला सांगेल.